भुवईवाली बाहुली

आमच्या दारावर काळी बाहुली कधीच नव्हती. उंबरठ्याला नाल नव्हती, चौकटीला लिंबू-मिरची नव्हती, मी तान्ही असताना माझ्या पाळण्याला बिब्बासुद्धा बांधला नव्हता म्हणे. खाली दुकानात ही सगळी मंडळी पोत्यांत, बरण्यांत आणि खिळ्यांवर खच्चून भरलेली, आणि वर दोन खोल्यांत राहणारे आम्ही मात्र भुताखेतांना, दृष्टीला आणि शेजाऱ्यांच्या हेव्याला उघडे पडलेले. आईनं एकदा नानांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, उंबरठ्याला ठोकायला एक नाल मागितली होती. नाना म्हणाले, विकायचा माल आहे तो. विषय तिथंच संपला. आमच्या घरात विषय असेच संपायचे.

सदाशिव पेठेतलं आमचं दुकान पाटीवर पूजासाहित्याचं होतं. पुढच्या फळ्यांवर कापूर, वाती, जानवी, अष्टगंध, उदबत्त्या. पण गिऱ्हाईक जरा आत वाकून, आवाज खाली आणून बोलायला लागलं की समजावं, याला मागच्या फळीवरचं हवंय. तिथं नाली, बिब्बे, काळे दोरे, दृष्टमणी, पिवळी मोहरी आणि वरच्या दोरीवर ओळीनं उलट्या टांगलेल्या काळ्या बाहुल्या. पुढचा भाग देवाचा आणि मागचा भीतीचा, असं नाना म्हणत, आणि घर मागच्या भागावर चालतं हे सांगायची त्यांना गरज वाटत नसे. मजा अशी, की पेठेतला एकही माणूस स्वतःसाठी काही नेत नसे. प्राध्यापक म्हणायचे, आमच्या मंडळींचा आग्रह. मंडळी आल्या की म्हणायच्या, सासूबाई ऐकत नाहीत. सासूबाई आल्या की म्हणायच्या, आजकालच्या मुलांना भीती वाटते हो. इतक्या वर्षांत दुकानात स्वतः घाबरलेला माणूस म्हणून कोणी भेटला नाही. सगळे दुसऱ्याच्या भीतीचा माल न्यायला आलेले.

नाल काळ्या घोड्याची लागायची. टांगे तेव्हा पुण्यात भरपूर होते, पण काळे घोडे शोधून सापडले नसते. तरी आमच्याकडच्या झाडून सगळ्या नाली काळ्या घोड्याच्या होत्या. टांगेवाल्याकडून पोतं आलं की नाना त्यांना तेल लावत, आणि नाल काळी झाली की घोडाही काळा झाला. खोटं ते बोलत नसत. "काळ्या घोड्याची आहे ना?" असं कोणी विचारलं की म्हणत, "आपणच बघा." गिऱ्हाईक नाल उलटसुलट करून बघे आणि घोडा काळा असल्याची स्वतःच खात्री करून घेई. उपयोग होतो का, असं विचारणारे कमी, पण असत. त्यांना नाना सांगत, "तक्रार घेऊन अजून कोणी परत आलेलं नाही." मग हिशेबाची वही पुढे ओढत, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणत, "का आलं नाही, ते मला माहीत नाही."

बाहुल्या मात्र घरच्या. दृष्टीची बाहुली शनिवारी बदलायची, म्हणून आमचा शुक्रवार म्हणजे गिरणीच. दुपारपासून वरच्या खोलीत शिवणयंत्राची खडखड, कात्रीचा करकर आवाज, आणि बिब्ब्याचा तो जळका वास. काळं कापड छत्री दुरुस्त करणाऱ्याकडून यायचं. फाटलेल्या छत्र्यांचं कापड कोणालाच नको असायचं, आणि बाहुलीला त्याच्यापेक्षा चांगलं काळं मिळत नसे. आत शिंप्याकडच्या चिंध्या भरायच्या, ते माझं काम. आई बिब्बे ओवायची. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी तिच्या बोटांना खोबरेल चोपडलेलं असे, आणि भाकरी थापायला कोणीच नसल्यानं पिठलं-भात. आजही कुठं पिठल्याचा वास आला की मला वाटतं, उद्या शनिवार. सुनेला एकदा हे सांगितलं तर ती म्हणाली, "आई, आज बुधवार आहे," आणि मला औषधाची गोळी आणून दिली.

बाहुलीला तोंड काढायचं काम सिंधूआत्याचं. सिंधूआत्या नानांची सर्वांत धाकटी बहीण, माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठी, मॅट्रिक झाल्यापासून आमच्याकडेच. तिच्या हातात सुई म्हणजे दुसऱ्याच्या हातात पेन्सिल. पांढऱ्या दोऱ्यानं डोळे, लाल दोऱ्यानं तोंड, एवढंच करायचं, पण ती करायला बसली की बाहुली गोड व्हायची. गाल आल्यासारखे दिसायचे. हसायची. आणि गिऱ्हाइकं नाराज. एकदा एक बाई बाहुली परत घेऊन आल्या. धाकट्या मुलीनं ती दारावरून काढून तिचं लग्न लावलं होतं. दुसऱ्या एकांनी शांतपणे विचारलं, ही दृष्ट काढणार की हिलाच लागणार? नाना वर येऊन म्हणाले, "सिंधू, जरा वाईट काढ." ती हो म्हणाली, दात काढले, डोळे मोठे केले, आणि बाहुली आणखीच गोड झाली. तिला वाईट काढताच येत नव्हतं. नाना डोक्याला हात लावून खाली गेले.

हा प्रश्न सोडवला शनिपाराजवळच्या जोशीकाकूंनी.

आत्याला बघायला आलेलं ते पहिलंच स्थळ. पत्रिका आधीच जुळली होती, त्यामुळे आईनं बेसनाचे लाडूसुद्धा केले होते. काकू आल्या त्या उजवी भुवई वर करूनच आल्या, आणि जाईपर्यंत ती खाली उतरली नाही. त्यांचा एक दात किंचित पुढे होता, ओठ मिटले तरी तो बाहेरच्या गोष्टी ऐकत बसल्यासारखा दिसे. मुलगा कोपऱ्यात बसून लाडू खात होता. त्याच्याविषयी मला एवढंच आठवतं. काकूंनी आत्याला चालून दाखवायला सांगितलं, वेणी सोडायला सांगितली, आणि मग डोळे चांगले आहेत का बघायचं म्हणून सुईत दोरा ओवायला लावला. बाहुल्या करणाऱ्या मुलीला! आत्यानं तो बघता बघता ओवला. काकूंनी सुई उजेडात धरून तपासली. उतरताना जिन्यात आईला म्हणाल्या, मुलगी तशी ठीक आहे हो, रंग जरा उजळ असता तर, आणि काळ्या बाहुल्या करणारे हात उद्या आमच्या देवाच्या नैवेद्याला लागायचे. एवढं बोलून खाली दुकानात गेल्या आणि एक नाल घेतली. काळ्या घोड्याची आहे ना, असं विचारून. चार दिवसांत कार्ड आलं, की पत्रिका जुळत नाही.

आत्या रडली नाही. मी वाट बघत होते, कारण मला तिच्याजवळ बसून रडायचं होतं. ती यंत्रावर बसली, मग सुई घेतली, बहुतेक तीच सुई. दुपारच्या चहाला आई वर आली आणि तिनं तोंडावर पदर धरला. बाहुलीची उजवी भुवई वर होती. लाल ओठांतून पांढऱ्या दोऱ्याचा एक दात जरासा पुढे. नाक फुगलेलं. मला त्या बाहुलीसमोर आपण काहीतरी चुकलोय असं वाटायला लागलं, आणि मी नकळत फ्रॉक नीट केला. नानांनी ती हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली. "आता जमली," म्हणाले. त्यांनी ओळखलं की नाही, ते अजून मला कळलेलं नाही. माणसं वाचण्यात नाना असे कच्चे नव्हते, पण दुकानदारानं काय ओळखायचं नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ती बाहुली तुफान चालली. जोशीकाकूंचं तोंड आख्ख्या पेठेत दारोदार उलटं टांगलं गेलं. नंतर जी जी स्थळं आली आणि गेली, त्यांच्याही बाहुल्या झाल्या. एक आवळ्याएवढ्या हनुवटीची, एक तिरळी, एक सतत वास घेतल्यासारखी. आम्ही घरात त्यांना नावं दिली होती. पण मागणी भुवईवालीलाच. लोक येऊन म्हणायचे, ती द्या हो, तिच्याकडे बघवत नाही.

आम्ही हसायचो, पण गोष्ट हसण्यासारखी राहिली नव्हती. वर्षं जात होती. स्थळं आधी महिन्याला यायची, मग सणासुदीला, मग कोणीतरी आठवण केली तर. पेठेत बोललं जायला लागलं, की त्या घरात काहीतरी करतात. ज्यांच्या दारावर आमची बाहुली, तेच बोलायचे. आई देवाला नवस बोलायची आणि नानांना टोमणे मारायची. आत्यानं एक दिवस जाहीर केलं, की आता आणखी एकदाच. त्यानंतर मी पोह्यांची बशी घेऊन कोणासमोर येणार नाही, वहिनी, मग तुम्ही मला जन्मभर बाहुल्या करायला लावा. ती हे रागानं म्हणाली नाही, त्यामुळे आई घाबरली.

ते शेवटचं एकदा म्हणजे नव्या पेठेतले जोशी. पुण्यात जोशी आडनावावरून नातं शोधायला निघालेला माणूस परत घरी पोचत नाही, त्यामुळे आमच्या कोणाच्या मनात काही आलं नाही. मुलगा, माधवराव, शाळेत शिक्षक, एकुलता एक, वडील नाहीत. रविवारी मामांबरोबर आला. त्याची आई गुडघ्यांनी आजारी, म्हणून आली नव्हती. मामांनी नेहमीचे प्रश्न विचारले. मग माधवराव आत्याला म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय का?" हे कोणी विचारत नसतं. आत्यानं मान वर केली आणि विचारलं, पोहे खरंच आवडतात का. ते म्हणाले, "नाही. पण सगळीकडे तेच मिळतात." आत्या हसली. बघायच्या कार्यक्रमात तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्या शुक्रवारी तिनं केलेल्या सगळ्या बाहुल्या पुन्हा गोड झाल्या, आणि नाना काही बोलले नाहीत. चिंध्या भरताना ती मला म्हणाली, "मंगल, हे झालं तर बरं होईल गं. नाही झालं तर मला फार वाईट वाटेल." इतकं सरळ ती कधी बोलायची नाही.

मुलाच्या आईला भेटायला आणि घर बघायला नाना, आई आणि मी गेलो. माडीवरचं घर, बाहेर अरुंद गॅलरी. दाराशी पोचलो आणि आईनं माझा दंड इतका घट्ट धरला, की मी ओरडणारच होते. चौकटीच्या वर, उलटी, आमची भुवईवाली बाहुली. चांगली जुनी; पावसानं विटलेली, पण भुवई जागच्या जागी. नाना तिच्याखालून मान खाली घालून आत गेले. एवढ्यानं काही बिघडत नव्हतं, आमची बाहुली कोणाच्याही दारावर असू शकत होती. पण आत भिंतीवर कुटुंबाचा एक मोठा फोटो होता, आणि त्यात, मधोमध, खुर्चीत, शनिपाराजवळच्या जोशीकाकू बसल्या होत्या. भुवईसकट.

म्हणजे ज्यांनी आत्याला नाकारलं त्या याच घराण्यातल्या थोरल्या सूनबाई, माधवरावांच्या काकू. आणि त्यांचं तोंड दारावर टांगलेलं, आमच्या घरात शिवलेलं. आता या घरात कोणी एकदा फोटोकडे आणि एकदा दाराकडे बघितलं, की संपलं. मी फोटोकडे पाठ करून बसले, जणू मी बघितलं नाही तर कोणालाच दिसणार नव्हतं.

माधवरावांच्या आई, जोशीबाई, गुडघ्यावर शेकाची पिशवी ठेवून पलंगावर बसल्या होत्या. बारीक, सावळ्या, आवाज अगदी हळू. आल्याचा चहा आला, आणि बरोबर पोह्यांऐवजी थालीपीठ, हे माधवरावांचंच काम असणार. हवापाणी झालं. गुडघ्यांचं झालं. मग बाईंनी नानांना विचारलं, दारावरची बाहुली आपल्याच दुकानातली ना? नाना म्हणाले, असेल, पुष्कळ जातात. कोण करतं हो? नाना म्हणाले, माल बाहेरून येतो. गिऱ्हाइकाशी खोटं न बोलणारा माझा बाप त्या दिवशी, बहिणीसाठी, स्वच्छ खोटं बोलला. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

जोशीबाईंनी चहाचा घोट घेतला. "बाहेरून येतो," म्हणाल्या, "मग त्या बाहेरच्याला आमच्या जाऊबाई कुठं भेटल्या?"

नानांनी थालीपीठाचा घास तोंडात तसाच धरून ठेवला. शेवटी आईच बोलली. तिनं सगळं सांगितलं. सिंधूनं केली. तुमच्या जाऊबाई तिला बघायला आल्या होत्या. चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, आणि जिन्यात असं असं बोलल्या. पोरीनं कोणाला उलट शब्द केला नाही, पण हातातून हे झालं. तुम्हाला राग आला असेल तर आम्ही उठतो.

जोशीबाईंनी शेकाची पिशवी बाजूला ठेवली. "अहो, बसा," म्हणाल्या. मग त्या जे बोलल्या ते त्याच हळू आवाजात, कोणाचीही चुगली केल्यासारखं न वाटता. जाऊबाईंच्या हाताखाली त्यांनी जन्म काढला होता. स्वतःचे यजमान गेल्यावर तर त्या घरात श्वाससुद्धा विचारून घ्यावा लागे. म्हणून मुलाला घेऊन वेगळ्या झाल्या, तेव्हापासून जाणं-येणं फक्त सणाचं. एकदा आमच्या दुकानावरून जाताना दोरीवर जाऊबाई उलट्या टांगलेल्या दिसल्या. त्यांनी ती बाहुली घेतली आणि दारावर लावली. गौरीला जाऊबाई आल्या, बाहुलीखाली उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, काय भयंकर तोंड आहे बाई हे, काढून टाक. त्यानंतर काही आल्या नाहीत.

"तुमचा माल चांगला आहे," जोशीबाई नानांना म्हणाल्या. नानांनी अखेर घास गिळला.

पुढचं आईकडे वळून बोलल्या. मुलगी पसंत आहे, त्यांना बघायचीही गरज नाही, जिनं एका भेटीत जाऊबाई ओळखल्या तिला घरात काय शिकवायचं राहिलं. फक्त एक अट आहे. आईचा चेहरा पडला. अट म्हणजे काय असते ते तिला माहीत होतं. जोशीबाई म्हणाल्या, "माझी करायची नाही."

त्या हसत नव्हत्या. मला वाटतं, खरंच घाबरल्या होत्या. आमच्या दुकानाच्या आयुष्यात, स्वतःला भीती वाटते असं कबूल करणारं ते एकच गिऱ्हाईक.

घरी येऊन आईनं आत्याला सगळं सांगितलं. आत्या काळं कापड कापत होती. ती म्हणाली, "त्यांची कशाला करीन मी?" आणि मग कात्री खाली ठेवून रडायला लागली, इतकी वर्षं साठवलेलं सगळं. मी शेवटी एकदाची तिच्याजवळ बसून रडले. नाना जिन्यात उभे राहून ओरडले, की कापडावर पाणी सांडू नका, डाग पडतात.

लग्नाला शनिपाराजवळच्या जोशीकाकू आल्या, वराकडच्या मानकरीण म्हणून पहिल्या रांगेत बसल्या, आणि भेटेल त्याला सांगत होत्या, की ही मुलगी आधी मी बघितली होती हो, मीच. जिलबी दोनदा घेतली. मांडवाच्या दाराशी नानांनी दृष्ट लागू नये म्हणून एक बाहुली लावली होती, मी केलेली. तिच्याकडे बघून काकू म्हणाल्या, ही काही बरोबर नाही, आमच्या पेठेत एक मिळते ती बघा.

आत्या गेल्यावर तोंडं काढायचं काम माझ्याकडे आलं, आणि धंदा बसला. मला डोळे काढता यायचे, तोंड काढता यायचं, पण माणूस यायचा नाही. नानांनी पुढं बाजारातल्या तयार बाहुल्या आणल्या. जोशीबाई म्हाताऱ्या होऊन, आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून गेल्या. आत्यानं अट पाळली. कधी इच्छा झाली नाही का, असं मी तिला नंतर विचारलं. म्हणाली, झाली की, दोन-तीनदा, पण नाक जमेना.

आता आत्या नव्वदीला टेकली आहे. मी मुलाबरोबर खराडीला राहते, अठराव्या मजल्यावर, जिथं नाल ठोकायला उंबरठाही नाही. दोन वर्षांपूर्वी, उशिरानं का होईना, मुलाचं लग्न झालं. सून कंपनीत आहे, हुशार आहे, चहात साखर जास्त घालते, आणि मी ते सांगते. गेल्या दिवाळीला ती एकटीच आत्याला भेटायला गेली होती, आणि येताना कागदात गुंडाळलेली एक भेट घेऊन आली. काळी बाहुली, छत्रीच्या कापडाची. हात थरथरत असूनही टाके तसेच. सुनेनं ती मोठ्या हौसेनं दारावर लावली. म्हणाली, "क्यूट आहे ना, आई? ओळखीची वाटते कोणीतरी."

मला ओळखायला वेळ लागला नाही. पांढऱ्या दोऱ्याचा चष्मा नाकावर घसरलेला, आणि ओठांचा डावा कोपरा खाली ओढलेला, अगदी साखर जास्त झाल्यावर माझा होतो तसा. मी आत जाऊन आत्याला फोन लावला. रागच आला होता. विचारलं, हे काय आहे? आत्या म्हणाली, "घरात नवीन मुलगी आली आहे, मंगल. दारावर असावी." आणि मग गुडघे कसे आहेत विचारलं.

मी ती काढून टाकणार होते. स्टूलही घेतलं होतं. पण वर चढून तिच्याशी डोळ्याला डोळा भिडला आणि मी खाली उतरले. आता रोज संध्याकाळी बागेतून येते, लिफ्टमधून बाहेर पडते, आधी वर बघते, तोंडाचा डावा कोपरा सरळ करते आणि मगच बेल दाबते. चहा अजून गोडच असतो. मी पिते. माल चांगला आहे.